सिसप्लॅटिन डीएनएला चिकटतच नाहीये, काय चुकतंय?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कीमोची दोन औषधं डीएनएला कशी बांधली जातात ते बघतेय. डॉक्सोरुबिसिनचं सुरळीत झालं. क्युव्हेटमधल्या (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीतल्या) लालसर द्रावणात वासराच्या थायमसचा डीएनए थोडा थोडा सोडत गेले, तसं ४८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण उतरत गेलं.

घोडं अडलंय सिसप्लॅटिनपाशी. तोच ट्रिस बफर (पीएच ७.४, १०० मिलिमोलर मीठ), तीच पद्धत: औषध घाला, पाच मिनिटं थांबा, रीडिंग घ्या. २६० नॅनोमीटरला, म्हणजे डीएनए जिथे प्रकाश शोषतो तिथे, आलेख ढिम्म. इथिडियम ब्रोमाइडची (डीएनएत शिरून चमकणारा रंग) चमकही कमी होत नाही. तीनदा केलं. पाण्यात पटकन विरघळेना म्हणून स्टॉक (साठ्याचं द्रावण) डीएमएसओ या द्रावकात केलाय. गाइड म्हणतात औषध जुनं असेल, पण बाटली नवी आहे. आता डीएनए बदलू की औषध?

उत्तर: दोन्ही राहू द्या. डॉक्सोरुबिसिन पत्त्यांच्या जोडात पान खुपसावं तसं बेस-जोड्यांमध्ये झटकन शिरतं. सिसप्लॅटिन तसं शिरतच नाही. ते ग्वानिन या डीएनएतल्या बेसच्या एन-७ शी (सातव्या जागेवरच्या नायट्रोजनशी) कोव्हॅलंट, म्हणजे पक्का रासायनिक, बंध करतं, बहुतेकदा शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना एकदम धरतं. त्याआधी त्याच्यावरचा क्लोराइड सुटून तिथे पाणी यावं लागतं, आणि ३७ अंशांनाही त्याला काही तास जातात. पाच मिनिटांत काय दिसणार?

त्यात तुमचं मीठ. बाहेर क्लोराइड भरपूर असला की आतला सुटत नाही. रक्तात हेच होतं. पेशीत क्लोराइड कमी, म्हणून औषध तिथे गेल्यावर कामाला लागतं.

पण खरा घात डीएमएसओचा. तो गंधकाकडून प्लॅटिनमला पकडतो आणि क्लोराइडला हुसकून स्वतःच बसतो. वजन करून घातलेलं सिसप्लॅटिन मग सिसप्लॅटिन उरतच नाही. ही चूक छापील पेपरांतही सापडते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

१ मिलिमोलर स्टॉक म्हणजे मिलिलिटरला ०.३ मिलिग्रॅम, तेवढं कोमट पाण्यात हलवत राहिलं की विरघळतं. रोज ताजा करा. ट्रिसऐवजी १० मिलिमोलर सोडियम परक्लोरेट घ्या, कारण ट्रिसही प्लॅटिनमला धरू शकतो. अंधारात, ३७ अंशांना २४ तास ठेवा आणि इथिडियम त्यानंतरच घाला.

धागाकर्ती: बापरे. स्टॉक तीन आठवड्यांपूर्वीचा आहे, डीएमएसओतलाच. आत्ताच टाकाऊच्या बाटलीत ओतला. कंट्रोल म्हणून नुसता डीएनएही २४ तास ठेवायचा ना?

उत्तर: हो, त्याच रॅकमध्ये, औषधाऐवजी तेवढंच पाणी घालून.