चर्चा: ढग आले म्हणून हिवाळ्यातली दौड आदल्या रात्री रद्द करावी का?

मोर्शीकर
जानेवारी लागला की आपल्याकडे गावोगावी दौड नि सायकल रॅली सुरू होतात. सिंभोऱ्याच्या धरणाकडचे रस्ते सकाळी मोकळे असतात, आणि वर्षातले हेच दोन-अडीच महिने माणूस नऊ-दहा वाजेपर्यंत पळू शकतो. पण हवामान खात्याचा पिवळा इशारा आला की आयोजक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ‘रद्द’ टाकतात. तोवर खेड्यातली पोरं शेवटच्या एसटीने तालुक्याला येऊन कुणाकडे तरी मुक्कामी पोचलेली असतात.

इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो. वरुडला गारपीट झाली तरी धामणगावात ऊन असू शकतं. म्हणून निर्णय पहाटे घ्या. नागपूरच्या हवामान केंद्राचा तीन तासांचा अंदाज बघा, गरज पडली तर सुरुवात उशिरा करा, २१ किलोमीटरचे १० करा. नुसत्या थंडीला भिऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा कोरड्या थंडीत सुरुवातीला बोटं आखडतात, मग अंग तापतं.

वावरवाला
भाऊ, तुम्ही थंडीचं सांगून रायले, आमाले थंडीचा धाक नाई. धाक गारीचा हाय. २८ डिसेंबर २०२१ ले विदर्भात गारा पडल्या, तवा भर हिवाळाच होता ना? त्या दिवसांत पराटीवर कापूस फुटलेला असते, तूर कापणीले आलेली असते. आभाळ भरून आलं की जो तो ताडपत्री घेऊन वावराकडं पळते. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मजूर सारे त्याच रस्त्यावर. तिथंच तुमचे शंभर-दोनशे पोट्टे पळवता? अन् पाणी द्यायले उभे राहणारे गावातलेच असतात. त्यायचं लक्ष त्या दिवशी दौडीत राहीन का? रद्द करा, बिनधास्त करा.

ग्रामीण रुग्णालयातली
मोर्शीकर दादा, उशिरा सुरुवात करण्याला माझा सगळ्यात मोठा विरोध आहे. ऊन वाढलं की हवा वर चढते आणि विजांचे ढग बहुधा दुपारनंतर उभे राहतात. सहाची दौड नऊला नेली की मागे राहिलेली माणसं नेमकी त्या वेळेकडे सरकतात.

आणि ज्या सकाळी थंडी कमी वाटते, तीच सकाळ मला जास्त घोर लावते. ढगांमुळे रात्रीची उष्णता अडून राहते, लोक एका बनियनवर निघतात. मग पाऊस नि वारा आला की भिजलेलं अंग भराभर गार पडतं. त्यासाठी बर्फ लागत नाही, १२-१४ अंशही पुरतात. आधी हुडहुडी, मग जीभ अडखळते, मग माणूस कुठे चाललाय हेच त्याला कळत नाही. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गार पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ धावपटू गेले, त्यांत नावाजलेलेही होते. वारा अडवणारं जॅकेट सोबत ठेवणं सक्तीचं नव्हतं. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने गुहेत नेऊन शेकोटी केली म्हणून.

ब्रेव्हेवाला
ताई, ती उंच डोंगरातली गोष्ट आहे, आपला रस्ता सपाट. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, पाऊस आला तरी वेळ वाढत नाही. दिवे, परावर्तक जाकीट आणि डोकं स्वतःचं घेऊन निघायचं. प्रौढ माणसाला थांबायचं की जायचं हे ठरवू द्या. फक्त पाणी पडल्यावर काळ्या मातीच्या पांदणीत सायकल घालू नका, चाक जागेवर जाम होतं.

ग्रामीण रुग्णालयातली
ब्रेव्हेला येणारा तयारीने येतो. गावच्या दौडीत आठवीतली मुलगी कापडी बुटांवर येते. तिच्यावर निर्णय कसा सोडता?

भरतीवाली
मी पोलीस भरतीसाठी पळते. आम्हाला ८०० मीटर असतं, मुलांना १६००. ढग असोत नसोत, पहाटे आम्ही रस्त्यावरच असतो, तेव्हा आमची काळजी कुणी करत नाही. वेळ लावून, अनोळखी मुलींसोबत पळायला मिळतं ते या स्पर्धांतच. ताई म्हणतात ते खरं, तरी सरसकट रद्द नको. करायचंच असेल तर राखीव तारीख आधीच छापा आणि नोंदणीचे पैसे परत करा. मागच्या वेळी आमच्या तालुक्यात दोन्ही झालं नाही.

मोर्शीकर
उशिरा सुरुवातीचा मुद्दा मी मागे घेतो. विजेच्या बाबतीतही वाद नाही. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. दौड थांबवायची, सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्यायचं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणाला बाहेर सोडायचं नाही. त्यासाठी मार्गच बदलू: जिल्हा परिषदेच्या शाळेभोवती पाच किलोमीटरचा फेरा, हवे तेवढे फेरे मारा. म्हणजे छत अडीच किलोमीटरच्या आतच राहील.

ब्रेव्हेवाला
आणि ५० किलोमीटरची सायकल रॅली? दहा फेऱ्यांसाठी कोण येईल?

ग्रामीण रुग्णालयातली
रॅली त्या दिवशी नाहीच. फेऱ्याचा मार्ग मला पटतो, पण दमलेल्या मुलीला अडीच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि वाटेत आडोशाला फक्त निंबाची झाडं. दर किलोमीटरला गाडी उभी करणार का?

वावरवाला
गाड्या गावातूनच मागान ना? आभाळ भरलेल्या दिवशी माह्या ट्रॅक्टर वावरातच राहीन, हे आताच सांगून ठेवतो.