मदत हवी आहे: हार्डस्टाइल अमेरिकेत चालेल का?

मंडळी, भाच्याशी पैज लागली आहे. तो म्हणतो, नेदरलँड्सचं हार्डस्टाइल, म्हणजे ते वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचगाणं, लवकरच अमेरिकेत घरोघरी वाजेल. मला नाही पटत. मिनिटाला १५० ठोक्यांचा (बीपीएम) तो धडधडणारा, फाटक्या आवाजाचा किक ड्रम गाडीत रेडिओवर कोण ऐकणार? लास व्हेगासच्या ईडीसी या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवात हार्डस्टाइलला जागा मिळते, पण ती गर्दी मुळातच भक्तांची.

भाचा डबस्टेप या दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकाराचा दाखला देतो. दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधला प्रकार, आणि २०१२मध्ये तो वाजवणाऱ्या अमेरिकन डीजे स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी! मुद्दा बिनतोड. पण तोवर डबस्टेपचा मूळचा खोल, संथ बाज राहिला होता का?

हार्डस्टाइलचंही तसंच होईल, की वेगच आड येईल? अमेरिकेतल्यांनो, तुमच्या जिममध्ये, क्लबात हे वाजतं का? पैज मिसळीची आहे, लवकर सांगा.