फाउंड्रीचे उत्सर्जन कमी करायचे, तर सुरुवात छतापासून की भट्टीपासून?

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची (करड्या बिडाची) फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, असून विजेवर चालणाऱ्या दोन इंडक्शन भट्ट्यांवर रोज सुमारे २० टन धातू वितळतो. आमच्या एका निर्यातदार ग्राहकाने टनामागे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा आकडा आणि तो कमी करण्याचा आराखडा मागितला आहे. छतावर २०० किलोवॅटचे सौर संयंत्र बसवावे, असे भागीदारांचे म्हणणे आहे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर १: भागणार नाही. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर छतावरून ८०० युनिट मिळतील. टनाला ६०० युनिट या हिशेबाने नुसत्या वितळणीलाच १२,००० लागतात. संयंत्र जरूर बसवा, पण आधी यील्ड, म्हणजे वितळलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये (ओतीव भागांत) उतरणारा वाटा, पाहा. यील्ड ६० टक्के असेल, तर रनर-रायझरमध्ये (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांमध्ये) जाणारा धातू धरून एक टन चांगल्या कास्टिंगला १,००० युनिट खर्च होतात. तेच ६६ टक्क्यांवर नेले, तर ९१० पुरतात. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास टनामागे साठेक किलो वाचतात, म्हणजे छतापेक्षा जास्तच. रिजेक्शनचा, म्हणजे नापास होणाऱ्या कास्टिंगचा, हिशेब यात धरलेलाच नाही.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, मात्र यील्ड सुधारायला पॅटर्न (साचा घडवण्याचे नमुने) बदलावे लागतात आणि त्यात महिने जातात. तोवर भट्टीकडे लक्ष द्या. स्पेक्ट्रोचा (धातूतील घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट येईपर्यंत झाकण उघडे ठेवून धातू पूर्ण तापमानावर धरून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि ती वीज निव्वळ वाया जाते. साच्याची वाळू चिकटलेले रिटर्न (पुन्हा वितळवायचे रनर-रायझर) तसेच भट्टीत टाकले, तर त्या वाळूचा स्लॅग (मळी) वितळवायलाही युनिट मोजावे लागतात. कॉम्प्रेसरचा दाब गरजेपेक्षा एक बारने जास्त असेल, तर तो उतरवताच त्याची सहा-सात टक्के वीज वाचते.

उत्तर ३: आकडा देण्यापूर्वी ग्राहकाला एक गोष्ट लेखी विचारून घ्या: त्यात विकत घेतलेल्या कच्च्या मालाचे उत्सर्जन धरायचे आहे का? धरायचे असेल, तर सगळे गणितच बदलते, कारण ब्लास्ट फर्नेसमधील एक टन पिग आयर्नमागे (लोहखनिजापासून काढलेल्या कच्च्या लोखंडामागे) दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. अशा वेळी पिग आयर्न कमी करून स्टीलचे भंगार आणि कार्बुरायझर (धातूतील कार्बन वाढवणारा पदार्थ) वाढवणे हाच सर्वांत मोठा उपाय ठरतो. फक्त इनॉक्युलेशन (ओतण्याआधी धातूत थोडा मिश्रधातू घालणे) नीट सांभाळावे लागते, नाहीतर पातळ भागांत चिल (कडक, ठिसूळ पांढरे बीड) येऊन रिजेक्शन वाढते. उरलेल्या विजेसाठी ग्रीन ओपन ॲक्सेसचा, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाकडून ग्रिडमार्गे हरित वीज घेण्याचा, विचार करा. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी त्यासाठीची किमान वीजभाराची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली आहे. मात्र व्हीलिंग (वीज वाहून आणण्याचा आकार) आणि इतर आकार धरून युनिटचा दर काय पडतो, हे करारापूर्वी तपासा.