उरलेला रंग परत करा म्हणे. कुणाला?

वसरीवरचा:
परवा इथे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या काकांनी लिहिलं की मुलाच्या घरचा उरलेला रंग त्यांनी गाडीत घातला, रंगाच्या दुकानात नेऊन दिला आणि दुकानदाराने तो हसत ठेवून घेतला. इथवर ठीक. पण शेवटी टोला: 'आपल्या गोंयकारांना मात्र शिस्त म्हणून नाही.'

आता माझी शिस्त ऐका. गणेश चवथीच्या आधी घर रंगवलं. दारं-खिडक्यांचं इनॅमल (तेलरंग) अर्धा डबा उरलं, भिंतीचं दीडेक लिटर पिस्ता इमल्शन (पाण्याचा रंग) आणि ब्रश धुतलेल्या थिनरची एक बाटली. सगळं पिशवीत घालून स्कूटरवरून दुकानात गेलो. तो म्हणाला, "तुमच्या शेडप्रमाणे मिसळून टिंट केलेला रंग परत घेऊन विकू कुणाला?" तिथून पंचायतीत. "ओला कचरा सोमवारी, सुका बुधवारी. हा काय आहे?" मी म्हटलं, ओला आहे, पण त्या अर्थाने नव्हे. क्लार्क हसून चहा प्यायला गेला. शेवटी भंगारवाला. त्याने पान्याने झाकण उचकटलं, वरची साय काठीने बाजूला केली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं इनॅमल माडाच्या मुळात ओतलं. रिकाम्या डब्याचे पाच रुपये माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतलेही!

2016 च्या घनकचरा नियमांतच रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, आणि दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं लिहिलं होतं. आमचं कुठे आहे ते दाखवा, मग शिस्तीचं बोलू.

सॅक्रामेंटो काका:
इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. पण तिथेही लोक जन्मतः शहाणे नाहीत हो. ऑरेगनमध्ये उरलेला रंग गोळा करायचा कायदा 2009 साली झाला, कॅलिफोर्नियात हे 2012 पासून सुरू झालं. नवा डबा घेताना बिलातच थोडी फी लागते, त्यातून जुन्याची विल्हेवाट लागते. फुकट काही नाही. आणि एक विचारू? अर्धा डबा उरेपर्यंत आणलात कशाला?

म्हापशेकार:
काका, ते मी सांगतो. रंगाऱ्याला विचारा! डब्यात टोकन असतं, आता क्यूआर कोड आलाय. नवा डबा फोडला की पैसे त्याच्या खात्यात. मग तुमच्या दोन खोल्यांना तीन डबे 'लागतात'. वर 20 लिटरची बादली तो घेऊन जातो. गेल्या वर्षी माझ्या दोन नेल्या, विचारलंसुद्धा नाही.

रंगाऱ्याचो पूत:
आला का विषय बादलीवर! माझे वडील तीस वर्षं हेच काम करतात. टोकन कंपनी देते, तुमच्या खिशातून कोण काढत नाही. चवथ आठ दिवसांवर आली की तुम्हाला जाग येते, ओल्या भिंतीवर पुट्टी मारायला लावता, मजुरीत घासाघीस करता, आणि हिशेब बादलीचा? रंग कमी पडला आणि दुसऱ्या मिक्सचा शेड भिंतीवर उठून दिसला तर शिव्या कोण खातो? म्हणून जास्त आणतात.

म्हापशेकार:
मान्य, शेडचं खरं आहे. पण बादली माझी होती.

रंगाऱ्याचो पूत:
पत्ता द्या, आणून देतो. आत सोलां (आमसुलं) भरून ठेवणार असाल तर आधी नीट धुवा.

भाटांतली:
बादलीवरून अकरा प्रतिसाद मागच्या धाग्यातही झाले होते, पुरे. आमच्याकडे रंग उरतच नाही. राहिलेलं फाटकाला, मग पंपाच्या खोलीला, शेवटी तुळशी वृंदावनाला. सासूबाईंकडे जिन्याखाली 2009 चा डबा आहे, अजून चालतो.

केमिस्ट्रीवाली बाय:
तो डबा वृंदावनाला लावू नका, हात जोडते. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या इनॅमलमध्ये काय होतं कुणास ठाऊक, आणि पोपडे उडतात ते रांगणाऱ्या पोरांच्या हाताला लागतात.

वसरीवरच्याने इमल्शनचं काय केलं ते सांगितलेलं नाही. मोरीत ओतू नका. आपल्याकडे सोक पिट (शोषखड्डा) आणि बांय (विहीर) यांच्यात अंतर किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे. सॉ-मिलचा भुसा घालून कालवा, उन्हात दगड होऊ द्या, मग सुक्या कचऱ्यात द्या. पाण्याच्या रंगाला हे चालतं, इनॅमलला नाही. थिनर बाटलीत तसाच ठेवा, गाळ खाली बसतो, वरचा निवळ पुन्हा ब्रशला वापरता येतो.

वसरीवरचा:
इमल्शन न्हाणीघरामागे आहे. पावसात भुसा कुठे वाळवू ते सांग. आणि इनॅमलवाल्यांनी काय करायचं? साळगावचा प्रकल्प ओल्या कचऱ्याचा गॅस करतो, इनॅमलचा नाही. पिसुर्लेला घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे, पण पुढच्या वेळी अर्धा डबा घेऊन मी स्कूटरवरून तिथे सत्तरी तालुक्यात जाऊ?

सॅक्रामेंटो काका:
म्हणूनच म्हणतो, फी बिलात घाला आणि गोळा करायची जबाबदारी कंपनीवर टाका.

म्हापशेकार:
घाला. पुढच्या चवथीला तीच फी रंगारी माझ्या मजुरीत लावेल.

रंगाऱ्याचो पूत:
बादली मिळाली का?

वसरीवरचा:
काका, फीचं पटलं, दात-ओठ खाऊन का होईना. शिस्तीचं वाक्य तेवढं परत घ्या.

सॅक्रामेंटो काका:
टिंट केलेलं वाक्य आहे, दुकानदार घेतो का बघतो.

भाटांतली:
तो पिस्ता दीड लिटर देणार असशील तर रविवारी येते. पंपाच्या खोलीची एक भिंत राहिली आहे.