पीचफेस लव्हबर्डची (छोट्या पोपटाची) पिल्लं अडीच महिन्यांची झाली, तोंडावर लाली नाही. कलर फूड द्यावं का?

हिरवी_जोडी: आई-बाप दोघंही हिरवे पीचफेस. चार पिल्लांपैकी तीन हिरवी, एक निळसर. हिरव्यांचं तोंड मळकट गुलाबी, चोचीच्या मुळाशी काळा डाग. निळसर पिल्लाचं कपाळ मलईसारखं. एका हिरव्याच्या पाठीवर तीन पिवळी पिसं आलीत आणि सगळ्यात धाकट्याची पाठ उघडी आहे. खाणं राळे, बाजरी आणि सूर्यफूल. कॅनरीला देतात ते लाल कलर फूड दिलं तर रंग लवकर भरेल का?

पिसारा: नाही भरणार. कॅनरीचा लाल रंग खाण्यातल्या कॅरोटीनॉइड रंगद्रव्यातून येतो. पोपटवर्गीय पक्षी आपला लाल-पिवळा रंग स्वतःच्या शरीरात तयार करतात, त्याला सिटॅकोफल्विन म्हणतात. तो बाहेरून पिसात घालता येत नाही.

तुमच्या पिल्लांचा रंग वयाला धरूनच आहे. काळा डाग साधारण तीन-चार महिन्यांत जातो. तोंडाची खरी लाली पहिल्या पिसं झडण्यानंतर येते, म्हणजे चौथ्या ते सहाव्या महिन्यात, आणि तीही आधी ठिपक्याठिपक्यांनी. तोंड चट्टेपट्टे दिसलं की रोग समजून औषध चालू करू नका.

जनुकवेडा: निळसर पिल्लू निघालं म्हणजे नर-मादी दोघंही 'स्प्लिट' आहेत, म्हणजे दिसायला हिरवे पण निळसर रंगाचं जनुक लपवून बाळगणारे. अशा जोडीत प्रत्येक पिल्लाला तो रंग मिळण्याची शक्यता 25 टक्के. पीचफेसमध्ये निळा म्हणून जो ओळखला जातो तो बहुधा अ‍ॅक्वा किंवा टर्कॉइज असतो. त्यात लाल-पिवळं रंगद्रव्य कमी पडतं, म्हणून त्या पिल्लाचं तोंड कधीच लालभडक होणार नाही. वाट पाहू नका.

निळा रंग तर रंगद्रव्याचा नसतोच. गळून पडलेलं निळं पीस उजेड मागून येईल असं धरा, तपकिरी-करडं दिसेल. पिसाच्या आतली बारीक जाळी निळा प्रकाश परतवते, मागे काळं मेलॅनिन असतं. त्यावर पिवळं रंगद्रव्य आलं की आपल्याला हिरवं दिसतं.

पिसारा: आता पिवळ्या पिसांचं. पीस उपटलं जाऊन मुळाला इजा झाली की तिथलं नवं पीस पिवळं येऊ शकतं. पण पिवळी किंवा काळपट पिसं अंगभर पसरायला लागली तर यकृत आणि आहार तपासायला हवा. नुसत्या दाण्यांवर, त्यातही सूर्यफुलावर, अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि चरबी वाढते. सूर्यफूल चिमूटभरच ठेवा. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) आणि किसलेलं गाजर, ढोबळी मिरची, हिरव्या पालेभाज्या हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत वाढवा. एकदम दाणे काढून घेतले तर पिल्लू उपाशी राहील. रोज सकाळी खाण्याआधी एक ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. दहा टक्क्यांनी उतरलं तर बदल थांबवा. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी) पिंजऱ्यात कायम हवा.

धाकट्याची पाठ कोण सोलतंय? अंडी घालायचा बॉक्स अजून लावलेला आहे का?

हिरवी_जोडी: हो, लावलेला आहे. मादी कागदाच्या पट्ट्या कातरून पाठीवरच्या पिसांत खोचून आत नेते. परवा एक अंडं दिसलं. पिल्लं त्याच पिंजऱ्यात आहेत.

पिसारा: मग उत्तर तिथेच आहे. मादीला पुढची अंडी घालायची असतात, आधीची पिल्लं तिला अडचण वाटतात. ती पिसं उपटते, कधी पायाची बोटंही तोडते. चारही पिल्लं आजच वेगळ्या पिंजऱ्यात हलवा. स्वतः दाणे सोलून खातात ना, एवढं आधी पाहा; नुसतं चोचीत घोळवणं म्हणजे खाणं नव्हे, खाली टरफल पडलेलं दिसलं पाहिजे. धाकट्याची पिसं चार-सहा आठवड्यांत भरतील.

जनुकवेडा: या अंड्यांचं काय करायचं ते ठरवा, पण वर्षाला दोनच विणी. सतत अंडी घालून मादीचं कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकतं. पिसं फुगवून तळाशी बसली, शेपूट खालीवर हलवत जोर काढू लागली, तर उबेत ठेवून लगेच पशुवैद्याकडे. तेल-बिल लावून ओढायला जाऊ नका, अंडं आत फुटलं तर पक्षी वाचणं कठीण.

हिरवी_जोडी: पिल्लं हलवली. धाकटा अजून टरफल नीट सोलत नाही.

पिसारा: मग त्याला बाप भरवतो का पाहा. भरवत असेल तर दोघांना काही दिवस बाजूला ठेवा, मादी एकटीच अंड्यांवर बसेल.