मलेनियापर्यंत जायचं कसं आणि गेल्यावर टिकायचं कसं? (एल्डन रिंग, पीएस४, ऑफलाइन)

खानापूरचा_सामुराय
नमस्कार मंडळी. एल्डन रिंग पहिल्यांदाच खेळायलोय. मॉर्गॉट नावाचा बॉस पडला, आता बर्फाच्या डोंगरावर पोचलोय. लेव्हल ९८, व्हिगर (रक्त वाढवणारा आकडा) ३०, उचिगाताना तलवार +२१, ढाल नाही. मलेनिया नावाची बॉस गेममध्ये लपवून ठेवलीय, तिच्याशिवायही गेम संपतो, पण सगळ्यात अवघड तीच, एवढं ऐकून आहे. मला तिच्याशी लढायचंच आहे. रस्ता कुठून आणि तयारी काय, हे दोन प्रश्न.

अडचण अशी की पीएस४ दादाचा आहे. गणपतीला घेऊन आलाय, विसर्जन झालं की परत पुण्याला नेणार. माझ्या हातात नऊ दिवस. आमच्याकडं नेट म्हणजे मोबाइलचं, ते पण पाऊस पडला की जातं, म्हणून ऑफलाइनच खेळतो. पैसे घालायचे नाहीत, एक रुपया पण. आणि मिमिक टिअर (आपलीच नक्कल होऊन लढणारं भूत) वगैरे कुणाला बोलवायचं नाही, एकट्यानं मारायचीय.

निपाणीचा_नाद
भावा, पहिलं प्लेस्टेशन प्लस घे, पैसे भरून ऑनलाइन खेळायचं ते. ऑनलाइन आलास की जमिनीवर लोकांनी लिहिलेले मेसेज दिसतात, लपलेल्या वाटा त्यावरनंच कळतात. आणि बॉसच्या दाराशी मदतीला माणूस बोलवता येतो. २०२२ मध्ये एक पठ्ठ्या डोक्यावर मडकं घालून, अंगावर कापड नाही, हातात दोन तलवारी, असा अनोळखी लोकांच्या गेममध्ये जाऊन मलेनियाला हजारहून जास्त वेळा एकटा मारून आला. कंपनीनं त्याला खरीखुरी तलवार पाठवली. असली माणसं मदतीला येतात, तू ऑफलाइन कशाला बसतोस?

कडोली_९१
त्यानं लिहिलंय ना पैसे घालायचे नाहीत म्हणून.

रस्ता सांगतो, नीट वाच. सिक्रेट मेडॅलियन म्हणून एक बिल्ला आहे, त्याचे दोन अर्धे तुकडे पाहिजेत. उजवा अर्धा लिउर्निया नावाच्या भागात, खाली नैऋत्येला अल्बिनॉरिक लोकांचं जळकं गाव आहे तिथं. गावातनं वर चढत जा, एका बाजूला एकटंच मडकं उभं दिसेल. ते मडकं नाही. त्याला मार, म्हातारा बाहेर येतो, त्याचं बोलणं संपेस्तोवर ऐक, तुकडा तोच देतो. डावा अर्धा तू आहेस त्याच डोंगरावर, एकदम उत्तरेला कॅसल सोलमध्ये. तिथं कमांडर नायल मारायचा आणि मग वर बुरुजात जायचं.

दोन्ही मिळाले की रोल्डच्या लिफ्टला परत ये. आधी एकदा त्याच लिफ्टनं वर आला आहेस, म्हणून लोक तोच पर्याय दाबतात आणि परत त्याच डोंगरावर जातात. खाली दिसणारा पर्याय बदल, सिक्रेट मेडॅलियनचा निवड. मग लिफ्ट दुसरीकडं नेते.

शहापूरची_ताई
नायल सोपा समजू नकोस रे. मी त्याच्याकडं अकरा वेळा मेले. आल्या आल्या दोन भुताचे सरदार उभे करतो, ते दोघं मेले की स्वतः पेटतो, पायातनं वीज आणि बर्फ. बिविचिंग ब्रँच असेल तर त्या सरदारांवर वापर, ते तुझ्या बाजूनं लढायला लागतात. मी हे बाराव्या वेळी केलं आणि त्याच वेळी तो पडला.

जांबोटीकर
नऊ दिवसांत काही होत नाही. मला मलेनियाला दोन महिने लागले. आधी फारुम अझुला हा भाग पुरा कर, लेव्हल १२५ कर, तलवार +२५ कर, मग जा. मी १४० ला गेलो होतो तरी हात दुखले. माझ्या पॅडची डावी काडी त्याच लढाईत गेली, आपोआप एका बाजूला सरकायला लागली. आता नवीन पॅड घेतलाय, लई फरक पडतो. पॅड चांगला घे पहिला.

निपाणीचा_नाद
पॅडपेक्षा प्लस स्वस्त पडतं.

अनगोळ_नाका
ढाल घे मोठी. ढालीमागं बसायचं आणि भाल्यानं टोचायचं. ढाल असली की तिला रक्त परत मिळत नाही.

कडोली_९१
चुकीचं सांगू नको गड्या. तिचा वार ढालीवर बसला तरी तिचं रक्त भरतं. तीच तर तिची खासियत. तू वाचलास तरी ती बरी होते. तिचा वार कशालाच लागू द्यायचा नाही, हाच एक मार्ग.

अनगोळ_नाका
मी ढालीनंच मारलीय. भाल्यावर रक्तस्राव होता, जितकं भरायचं त्याच्या दुप्पट जायचं.

कडोली_९१
म्हणजे भरत होतंच की. रक्तस्रावानं तू जिंकलास. उचिगाताना पण रक्त काढते, मग ढाल कशाला पाहिजे त्याला?

टिळकवाडी_रिमोट
मी वेगळंच विचारतो. खानापूर बाजूला पावसात करंट किती वेळा जातंय? माझा बॉस पाव रक्तावर असताना करंट गेलं, पीएस४ चालू केल्यावर नीट बंद केला नव्हता म्हणून डिस्क तपासत बसला. इन्व्हर्टर आहे का घरी?

खानापूरचा_सामुराय
आहे, पण करंट गेलं की पीएस४ बंद होतोच. पंखे आणि दिवे तेवढे चालू राहतात.

टिळकवाडी_रिमोट
इन्व्हर्टरच्या मागं नाहीतर बाजूला बघ, बऱ्याच इन्व्हर्टरला छोटं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं लिहिलेलं. बहुतेक घरी ते नॉर्मलवर असतं. त्यात लाइनवरनं बॅटरीवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर किंवा गेम बंद पडतो. यूपीएसवर टाक. आणि टीव्हीचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते पण बघ, आमच्याकडं पीएस४ होता आणि टीव्ही नव्हता.

खानापूरचा_सामुराय
बटण सापडलं! नॉर्मलवरच होतं. दुपारी करंट गेलं, पीएस४ चालूच राहिला. आज्जी पण खूश, तिची मालिका तुटली नाही. लई आभार दादा.

जांबोटीकर
मी तर सरळ नवीन यूपीएस घेतला. तोच बरा.

शहापूरची_ताई
सामुराय, पुढचं सांगते. लिफ्टनं गेलास की आधी गुहा लागते. मधे दरी दिसते, पलीकडं वाट दिसते, पण जायला काही नाही. तिथं अदृश्य पूल आहे. ऑनलाइन लोकांचे मेसेज दिसतात तिथं, तुला दिसणार नाहीत. रेनबो स्टोन भरपूर घे, समोर टाकत जा. खडा थांबला तर खाली पूल आहे, पडला तर नाही.

बाहेर आलं की पांढरं रान. चोर्ला घाटात जुलैमध्ये गाडी चालवली असशील तर कळेल, चार पावलांपुढचं दिसत नाही. उत्तरेकडं जात राहा, ऑर्डिना नावाचं गाव लागतं. गावाच्या मधोमध मूर्तीला हात लावलास की तेच गाव पण वेगळ्या अवस्थेत, आणि तिथं चार मूर्ती पेटवायच्या, मग हॅलिगट्रीची वाट उघडते, त्या मोठ्या झाडातच मलेनिया आहे. छतांवर तिरंदाज बसलेत. काही मूर्तींकडं छतावरनंच जाता येतं. आणि दिसत नाहीत अशा मारेकरी बायका फिरतात, बर्फात त्यांच्या पावलांचे ठसे तेवढे उमटतात. मी पहिल्यांदा ते ठसे माझ्याकडं येताना बघितले तेव्हा पॅड खाली ठेवून उठून उभी राहिले.

कडोली_९१
त्या बायकांसाठी सेंट्रीज टॉर्च. लेंडेलच्या तटाबाहेर झोपडीत एकटा व्यापारी बसलाय, त्याच्याकडं ७००० रूनला (रून म्हणजे गेममधले पैसे). डाव्या हातात धरलास की त्या दिसायला लागतात. ताईनं सांगितलेल्या छतावर आधी तिरंदाज मार, मग मूर्ती.

अनगोळ_नाका
टॉर्च घ्यायचा सेंट्रीचा. त्या बायका दिसतात त्यानं.

निपाणीचा_नाद
रिव्हर्स ऑफ ब्लड घे. मी त्याच तलवारीनं तिसऱ्या झटक्यात मारली.

जांबोटीकर
तिसऱ्या झटक्यात? मिमिक टिअर होतं का बरोबर?

निपाणीचा_नाद
होतं. मार्च २०२२ च्या अपडेटच्या आधीचं. तेव्हा मिमिक टिअर म्हणजे हत्ती होता. आता कमी केलंय त्याला, तरी घ्यायलाच पाहिजे. नोक्रॉन नावाच्या शहरात मिळतं, रादान हा बॉस मारल्यावर वाट उघडते.

कडोली_९१
त्याला मिमिक नकोच आहे. आणि एकट्याचा एक फायदा आहे तो कुणी सांगेना. मिमिकला लागलेल्या वारानं पण मलेनियाचं रक्त भरतं. तू लांब उभा, मिमिक मार खातंय आणि ती भरत चाललीय, हे बघत बसायचं. एकटा असलास की तिला भरायला फक्त तूच आहेस.

येळ्ळूर_गडी
सामुराय, अंगावर काय काय घातलंयस ते सांग. तावीज कुठले?

खानापूरचा_सामुराय
रॅडागनचा सोरसील आहे, सुरुवातीपासून. बाकी एक तब्येतीचा आणि एक स्टॅमिनाचा.

येळ्ळूर_गडी
सोरसील काढ. आजच काढ. चार आकडे पाच-पाचनं वाढवतो पण मार १५ टक्के जास्त बसतो. सुरुवातीला ठीक, तुझ्या लेव्हलला तोटाच. तिथं ड्रॅगनची ढाल असलेला तावीज घाल.

आणि व्हिगर. ३० ला रक्त ९९४ असतं. ४० ला १४५०. ६० ला १९००. म्हणजे पहिल्या दहा लेव्हलमध्येच साडेचारशेवर मिळतंय, पुढच्या वीसमध्ये तेवढंच. तुझ्याकडं नऊ दिवस आहेत, ६० करत बसू नको, ४० कर आणि जा. १२५ लेव्हलची काही गरज नाही.

जांबोटीकर
४० ला एका नाचात मरतो माणूस. माझं ऐक, दोन महिने लागले तरी चालतील.

येळ्ळूर_गडी
नाच लागला तर ६० ला पण मरतो. नाच चुकवायलाच शिकायचा.

सामुराय, हे नीट वाच, मी यात महिना घातलाय. साधारण पाव रक्त गेलं की ती नाच करायला लागते, वॉटरफाउल डान्स. ती जमिनीवरनं उठते आणि हवेत क्षणभर थांबते. एक पाय वर घेतलेला, तलवारीचा हात मागं, आणि तलवारीभोवती हवा फिरायला लागते. तो क्षण लांब वाटतो, पण तेवढाच आहे. तिथं तू तिच्यापासनं लांब पळ, लोळू नको, पळ. पहिला झपाटा मग तुला गाठत नाही. दुसरा झपाटा येतो तेव्हा उलट, तिच्याकडं लोळ, तिच्या खालनं. तिसऱ्याला पण तिच्याकडंच. लोकांना वाटतं लांब गेलं की वाचतो. पहिल्याला वाचतो, दुसऱ्याला नाही.

आणि तिच्या अगदी जवळ असताना ती उठली तर पळायला वेळच नाही. म्हणून पाव रक्त गेल्यावर तिच्या अंगाला चिकटून राहायचं नाही. एक वार, मागं. एक वार, मागं. ती फार नाजूक आहे, वार बसला की अडखळते, म्हणून हाव सुटते. हाव सुटली की नाच आलाच.

शहापूरची_ताई
फ्रीझिंग पॉट (फेकायचं गारठवणारं मडकं) ठेव जवळ. ती हवेत उठली की फेकून मार, मला दोनदा खाली पडलेली मिळाली तशी.

अनगोळ_नाका
दुसऱ्या फेरीचं कुणी सांगितलं नाही, एकदा रक्त संपलं की ती परत उठते ते. फूल होऊन वरनं पडते. पडते तिथं थांबायचं नाही, सुसाट पळायचं. आणि लाल सडका रोग लागला की प्रिझर्व्हिंग बोलस खायचं, दहा-बारा तरी बनवून ने. हे ढालीनं होत नाही हे मान्य.

निपाणीचा_नाद
डीएलसी (गेमचा वेगळा विकत घ्यायचा भाग) घेतलीस का? २१ जून २०२४ ला आली ती. त्यात अजून भारी तलवारी आहेत.

कडोली_९१
डीएलसीत जायला मलेनिया नाही, रादान आणि मोह्ग हे दोन बॉस मारायला लागतात. आणि तो पैसे घालणार नाही. चौथ्यांदा लिहितोय.

जांबोटीकर
शेवटी काय ठरलं? दादाला सांग की दिवाळीपर्यंत पीएस४ ठेव म्हणून. कुंदा दे अर्धा किलो, ठेवेल.

खानापूरचा_सामुराय
सगळ्यांचे आभार. दादाला विचारलं नाही, त्याला पण सुट्टीनंतर खेळायचं असतं.

ठरलं ते सांगतो. व्हिगर ४० केलं, सोरसील काढला. फारुम अझुला केलं नाही, तलवार +२१ च ठेवली, मिमिक नाही, ढाल नाही, फ्रीझिंग पॉट पण घेतला नाही. ताई, राग मानू नका. हातात काही असलं की माझं लक्ष त्यावर राहतं, तिच्या पायावर राहत नाही. बोलस तेवढे नेले.

नायल सातव्या वेळी पडला. ब्रँच माझ्याकडं नव्हत्या. गुहेतल्या पुलावर अकरा रेनबो स्टोन गेले. ऑर्डिनात टॉर्चच्या उजेडात ती बाई अगदी माझ्या पाठीमागं उभी होती, ठसे बघायला वेळच मिळाला नसता. कडोलीचे दादा, तो टॉर्च नसता तर मी अजून तिथंच असतो. हॅलिगट्रीच्या फांद्यांवरनं किती वेळा पडलो ते मोजलं नाही. तिथली बॉस लॉरेटा चौथ्या वेळी पडली.

मलेनियाकडं परवा रात्री पोचलो. घरचे सगळे आरतीनंतर झोपले की आवाज बंद करून बसतो. आत्तापर्यंत बेचाळीस वेळा मेलोय. पहिले तीस वेळा तिच्या नाचातच. मग आवाज चालू केला, हेडफोन लावून. ती उठते तेव्हा हवेचा आवाज आधी येतो, डोळ्याला दिसायच्या आधी. काल रात्री पहिल्यांदा तीनही झपाटे चुकवले, येळ्ळूरच्या दादांनी सांगितलं तसं, एकदा पळून आणि दोनदा तिच्याकडं लोळून. एकही लागला नाही. नंतर मी उभाच राहिलो तिथं, आणि तिनं साध्या वारानं मारलं.

दुसरी फेरी तीनदा बघितलीय. विसर्जनाला अजून दोन रात्री आहेत.

येळ्ळूर_गडी
आवाज चालू ठेवलास ते बरं केलंस, हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत ती फूल होऊन पडल्यावर थोडा वेळ तिथंच बसून राहते. लगेच जवळ जाऊ नको, फूल अजून एकदा फुटतं. ते फुटलं की मग जा.

जांबोटीकर
+२५ केली असतीस तर आत्तापर्यंत झालं असतं.

शहापूरची_ताई
राग कसला रे. झालं की इथं लिही, रात्री कितीही वाजले तरी.

नवा_चिकोडी
मी पण आत्ता लिउर्नियात आहे. त्या जळक्या गावात वीसेक मडकी आहेत, त्यातलं म्हाताऱ्याचं कुठलं?

कडोली_९१
वर चढावर, बाकीच्या मडक्यांपासनं लांब, एकटंच. शंका आली तर दिसेल त्या प्रत्येक मडक्याला मार.