नोटीस पिरियडमध्ये शिल्लक पीएल (कमावलेल्या भरपगारी सुट्ट्या) घेता येतात का? मॅनेजर म्हणतोय लास्ट डे पुढे जाणार

पायवाट:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे, अडीच वर्षं झाली. मागच्या सोमवारी पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला, नोटीस ९० दिवसांची. पोर्टलवर २७ पीएल शिल्लक दिसतायत कारण मागचं अख्खं वर्ष एकामागून एक रिलीज, सुट्टी मागायची सोयच नव्हती. आता आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय कोल्हापूरला आणि तिच्याजवळ राहायला मी सोडून कोणी नाही, बाबा आहेत पण त्यांचंच कोणीतरी बघावं लागतं. मला फक्त १५ दिवस हवेत. मॅनेजरला विचारलं तर जागेवरच म्हणाला नोटीसमध्ये सुट्टी मिळत नाही, घेतलीस तर तेवढे दिवस लास्ट वर्किंग डे पुढे जाईल. आणि नवीन कंपनीचं जॉइनिंग लास्ट डे नंतर तिसऱ्याच दिवशी आहे! एचआर म्हणते सुट्ट्या राहू द्या, पैसे मिळतील, पण बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर. बेसिक २४ हजार, भत्त्यांसकट ग्रॉस ६० हजार. माझ्या कमावलेल्या सुट्ट्या आहेत ना या? चार रात्री नीट झोप नाही, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

रुईफूल:
ताई आधी आईंची काळजी घ्या, दोन्ही गुडघे एकदम म्हणजे पहिले दहा-बारा दिवस माणूस लागतंच, माझ्या सासूबाईंचं झालंय, रात्री बाथरूमला न्यायचं म्हटलं तरी वॉकर धरून दोघं लागायचो.
आता सुट्टीचं. अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीसचा क्लॉज शब्द न शब्द वाचा. "सुट्टी मिळणार नाही" असं सरळ लिहिलंय की "मॅनेजमेंटच्या मंजुरीने" असं लिहिलंय, यात फार फरक आहे. दुसरं असेल तर मॅनेजरचं "मिळत नाही" हा नियम नाही, ते त्याचं मत आहे. आणि पैशाचा हिशोब करा. एक पीएल विकली तर बेसिकवर ८०० रुपये, तीसने भागून. म्हणजे १५ सुट्ट्या घेतल्यात तर तुमचे १२ हजार जातात, बाकी पगार चालूच राहतो. उलट आता घेतल्या नाहीत आणि नवीन ठिकाणी जॉइन झाल्या झाल्या बिनपगारी घ्याव्या लागल्या तर दिवसाला २ हजार तरी कापतील, आणि नव्या माणसाला पहिल्या महिन्यात १५ दिवस देतंय कोण. घेणंच बरोबर आहे.

चाकणचा_फिटर:
माझं ऐका, तोंडी काही ठरवू नका. २०१८ ला मी चाकणला एका कारखान्यात होतो, राजीनामा दिला, १४ सुट्ट्या बाकी होत्या. सुपरवायझर म्हणाला जा रे बिनधास्त, मी बघतो. गेलो १२ दिवस गावाला, भाताची लावणी होती. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा कागद आला तर त्यात नोटीस शॉर्टफॉल, म्हणजे नोटीसचे दिवस कमी भरले, म्हणून १२ दिवसांचा पगार कापलेला! सुपरवायझर म्हणतो मी असं बोललोच नव्हतो. माझ्याकडे एक मेसेजसुद्धा नाही दाखवायला. तीन महिने गेटवर चकरा मारल्या, शेवटी सोडून दिलं. बारा दिवसांच्या पगारापेक्षा त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. नंतर एका युनियनवाल्याने सांगितलं की फॅक्टरी ॲक्टच्या कलम ७९ मध्ये होतं की अर्ज करून सुट्टी नाकारली आणि कामगार सोडून गेला तर त्या सुट्टीचे पैसे पुढच्या पगाराच्या दिवसापर्यंत द्यायचे. पण अर्जच नव्हता ना माझा.

कागदोपत्री:
फिटर दादांनी मुद्द्यावरच बोट ठेवलंय. ऑफिस आणि दुकानांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, आधी दहा, २०२५ च्या बदलानंतर वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो. त्यात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येतात. त्यातही तेच आहे, रजा मागितली, नाकारली, आणि मग नोकरी सोडली तर त्या रजेचे पैसे मालकाला द्यावे लागतात. म्हणून "मागितली" आणि "नाकारली" हे दोन्ही कागदावर पाहिजे. पोर्टलवर अर्ज टाका, रिजेक्ट झाला तर त्याचा स्क्रीनशॉट घरच्या मेलवर. मॅनेजर, सुपरवायझर पदाला वेगळे नियम आहेत पण टेस्टिंगवाल्या ताईंना त्याचा प्रश्न नसावा. कॅज्युअल (किरकोळ रजा) मात्र यात धरू नका, वर्षाला ८ असतात आणि वर्ष संपलं की बाद.
पैसे घेतलेच तर टॅक्सची चिंता नको, नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशावर २०२३ पासून २५ लाखांपर्यंत सूट आहे, आधी ३ लाखच होती.

एचआरवाली_मी:
मी बारा वर्षं एचआरमध्ये आहे, दुसरी बाजू सांगते, राग मानू नका. मॅनेजर नाही म्हणतो कारण त्याला भीती असते की माणूस सुट्टीवर गेला की परत येत नाही, केटी (आपलं काम दुसऱ्याला समजावून सोपवणं) अर्धवट राहते आणि क्लायंटसमोर तो तोंडघशी पडतो. ती भीती काढा, सुट्टी मिळते. शेवटचे १५ दिवस मागू नका, ते कोणीच देत नाही कारण लॅपटॉप जमा करणं, क्लिअरन्स सगळं तेव्हाच असतं. मधले मागा, ऑपरेशन दुसऱ्या महिन्यात बसतंय का बघा. अर्जासोबत एक पानी केटी प्लॅन जोडा, कुठलं मॉड्यूल कोणाला कधी देणार, तारखांसकट. डॉक्टरांचं पत्र जोडा. आणि मेलमध्ये एक वाक्य नक्की लिहा, "या रजेमुळे माझी शेवटची तारीख बदलणार नाही असे कृपया कळवावे". उत्तर आलं की तुम्ही सुटलात. नाहीच ऐकलं तर नवीन कंपनीला आजच फोन करून आठवडा-दोन आठवडे मागा, आईचं ऑपरेशन म्हटल्यावर सहसा देतात, मी स्वतः कितीतरी जणांना दिलेत. नवीन लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब द्यायचाय, तेही डोक्यात ठेवा.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, फिटर दादा तुमचं वाचून पोटात गोळा आला. लेटरमध्ये "रिपोर्टिंग मॅनेजरच्या मंजुरीने" असंच निघालं! मंगळवारी अर्ज टाकला, केटी प्लॅन आणि डॉक्टरांचं पत्र जोडून, आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. दोन दिवस काही नाही, मग मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं, प्लॅन समोर ठेवून एकेक ओळ विचारली आणि म्हणाला १५ नाही १२ देतो, रोज संध्याकाळी अर्धा तास फोनवर ये. मी हो म्हटलं, पण म्हटलं सर मेलवर द्या. संध्याकाळी सात वाजता मेल आला, शेवटची तारीख तीच. आईला फोन केला तर ती म्हणते बारा दिवस पुष्कळ झाले गं, तू आलीस की झालं.
आता उरलेल्या १५ चे पैसे बेसिकवर की ग्रॉसवर, हे एचआरला लेखी विचारलंय. अजून उत्तर नाही.